बर्डीवरचं टी-शर्ट प्रिंटिंगचं दुकान: मोडकं वाक्य मोडकंच छापून देतात

निकाल आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. इंटरनेटवर ती मुद्दाम वाकडी केलेली वाक्यं असतात ना, कुत्र्याच्या फोटोवरची, मांजरीची, 'जस्ट लुकिंग लाइक अ वाव' वगैरे, तसलं काही नागपुरात टी-शर्टवर, मगवर किंवा लॅपटॉपच्या स्टिकरवर छापून पाहिजे असेल तर बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीला, जा, मेन रोडवरून आत गल्लीत, मोबाइल कव्हरवाल्यांच्या वर पहिल्या माळ्यावर एक छोटं दुकान आहे, तिथे. नाव लिहीत नाही कारण पुढे एक तक्रार पण करून राहिलो आहे आणि दोन-तीन माणसांच्या धंद्याला नेटवर नावानिशी धरणं मला पटत नाही, तक्रार त्यांना तोंडावर सांगून झालेली आहे.

आता हे दुकान इतकं चांगलं का ते समजायला बाकीच्या ठिकाणी काय होतं ते पहा. असं वाक्य छापायला दिलं की ऑपरेटर ते सुधारतो. वाईट हेतूने नाही करत, लग्नपत्रिका, फ्लेक्स, दुकानाच्या पाट्या करणारा माणूस, चूक दिसली की हात आपोआपच जातो, आणि चूक राहिली तर गिऱ्हाईक पैसे कापतं हा त्याचा आयुष्यभराचा अनुभव. माझा भाऊ जुना गेमवाला, त्याच्या वाढदिवसाला मी शहरातच दुसऱ्या एका ठिकाणी 'ऑल युअर बेस आर बिलाँग टू अस' छापायला दिलं होतं. टी-शर्ट हातात आला तर मधला 'आर' गायब! माणूस खुशीत सांगून राहिला की सर एक मिस्टेक होती, काढून दिली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे वाक्य झिरो विंग नावाच्या जपानी गेममधलं आहे, तोआप्लान कंपनीचा गेम, 1989 ला आर्केडमध्ये आला, नंतर सेगाच्या मेगा ड्राइव्ह या घरच्या गेम मशीनवर आला तेव्हा सुरुवातीला एक छोटी गोष्ट जोडली आणि तिचं इंग्रजी भाषांतर इतकं कच्चं झालं की व्हिलनची सगळ्यात मोठी धमकी ही अशी निघाली. 2000-2001 च्या आसपास नेटवर लोकांनी ती उचलली आणि फोटोंमधल्या होर्डिंगवर, रस्त्यांच्या पाट्यांवर, जिथे जागा दिसेल तिथे ते वाक्य चिकटवत सुटले. मूळ चूक चुकून झालेली, पण नंतर ज्यांनी वापरली त्या सगळ्यांनी तिचा कानामात्रा न हलवता वापरली. आणि सगळा जीव त्या एका जास्तीच्या 'आर'मध्ये आहे, तो काढला की उरते एक साधी धमकी, ती कोण टी-शर्टवर घालेल? भावाने घातला बिचाऱ्याने, काही बोलला नाही, पण त्याच्या मित्रांना समजलंच नाही की हे ते वाक्य आहे.

बर्डीच्या दुकानात डिझाइनला एक मुलगी बसते, कॉलेज करून हे काम करते, आणि तिला ही गोष्ट पूर्ण कळते. तुम्ही वाक्य दिलं की ती पहिला प्रश्न विचारते, "दादा, यातलं कोणतं मुद्दाम आहे?" मग ए-फोर कागदावर प्रूफ काढते आणि तुमच्यासमोर पेन घेऊन बसते, जी मोडतोड ठेवायची तिच्याभोवती हिरवा गोल, जी खरीच टायपिंगची चूक तिच्याभोवती लाल गोल, त्यावर तुमची सही, आणि पावतीवर 'जसं दिलं तसं' असा शिक्का. माझ्या प्रूफवर 'अत्यंत कूलर'ला हिरवा गोल होता आणि 'नवतपा'चं, म्हणजे मेच्या शेवटचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, 'नवपता' झालं होतं त्याला लाल. हा कागद पाहून मला इतका आनंद झाला की मी तो घरी घेऊन आलो. वाकड्या वाक्यातली वाकडी जागा कोणती आणि सरळ जागा कोणती हे वेगळं काढता येणं हेच तर खरं काम आहे, कारण ही वाक्यं सगळीकडून मोडलेली नसतात, एका ठरलेल्या सांध्यावर मोडलेली असतात आणि बाकी सगळं एकदम जागच्या जागी असावं लागतं.

ते 'अत्यंत कूलर' काय ते सांगतो. मला मे महिन्याचा टी-शर्ट पाहिजे होता, डोजच्या स्टाइलमध्ये पण मराठीत. डोज म्हणजे ती तिरकी नजर टाकणारी शिबा इनू जातीची कुत्री, काबोसू तिचं नाव, जपानमध्ये राहायची, तिच्या मालकीणबाईंनी 2010 मध्ये काढलेला फोटो, 2013 मध्ये त्याच्यावर रंगीबेरंगी कॉमिक सॅन्स फॉन्टमध्ये दोन-दोन शब्द टाकून लोकांनी जगभर फिरवला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्या नावाचं डोजकॉइन हे ऑनलाइन चलन पण निघालं. काबोसू 24 मे 2024 ला गेली, मला तेव्हा खरंच वाईट वाटलं होतं. तर त्या फोटोवरच्या शब्दांची गंमत काय आहे, सो, सच, मच, मेनी, व्हेरी हे पाच शब्द घ्यायचे आणि प्रत्येकाला जो शब्द चालत नाही नेमका तोच जोडायचा. 'मच हॅपी' चालतं, 'व्हेरी हॅपी' चालत नाही कारण ते बरोबर इंग्रजी आहे! शेवटी एकटा 'वाव'. इतका कडक नियम आहे, शाळेतल्या व्याकरणापेक्षा कडक, आणि लोकांना वाटतं काहीही लिहिलं तरी चालतं.

दुकानात सॅम्पलला एक मराठी डोज टांगलेला होता, कोण्या कॉलेजच्या ग्रुपने करून घेतलेला, 'लय भूक, लय झोप, लय असाइनमेंट'. मी विचारलं हा कसा जातो, तर ती मुलगी म्हणाली, "जात नाही दादा. 'लय भूक' तं आपण रोजच म्हणतो नं, त्यात मोडलं काय?" एकदम बरोबर बोलली. आपला 'लय' सगळ्यालाच चालतो, लय ऊन, लय लोक, लय मोठा, लय पळाला, कुठेच अडत नाही, म्हणून त्याच्याने वाक्य मोडतच नाही. मोडायचं असेल तर जे शब्द नखरे करतात ते घ्यावे लागतात. कित्येक, त्याला मोजता येण्यासारखं आणि अनेकवचनी पाहिजे. अत्यंत, त्याला पुढे विशेषण पाहिजे. फारच, त्याला पण तसंच काहीतरी. मग आम्ही दोघांनी काउंटरवर बसून ते केलं, दुकानाचे मालक भाऊ पण मधे मधे टाकून राहिले होते, आणि शेवटी ठरलं:

कित्येक ऊन.
अत्यंत कूलर.
असंख्य नवतपा.
फारच मे.
वाव.

'फारच मे' मालकांचं आहे, आणि माझ्या मते सगळ्यात वरचढ तेच आहे. पारा 45 च्या वर गेल्यावर नागपूरच्या माणसाला याच्यापेक्षा जास्त बोलायची ताकद राहत नाही. चित्राला त्यांनी काबोसूचा फोटो उचलला नाही, म्हणाले दुसऱ्याचा फोटो विकायचा नाही, त्याऐवजी मुलीने कूलरच्या ओल्या फरशीवर पसरलेलं गल्लीतलं कुत्रं काढलं, नजर तशीच तिरकी. फारच सुंदर काढलं आहे.

अजून एक गोष्ट तिथे बसून बोलता बोलता निघाली. इंग्रजीत शब्दांची जागा बदलली की वाक्य लगेच मोडतं, म्हणून त्यांच्याकडे मोडणं सोपं. आपल्याकडे 'मी आज बर्डीवर चहा प्यायलो', 'प्यायलो मी आज चहा बर्डीवर', 'चहा प्यायलो बर्डीवर आज मी', कसंही फिरवा, बोलताना सगळं चालतं, विभक्ती आणि क्रियापद सांभाळून घेतात. म्हणून मराठीत वाक्य मोडायचं तर त्या सांभाळणाऱ्यांनाच धक्का द्यावा लागतो, लिंग, वचन, पुरुष. त्यांच्याकडे मांजरीचं एक स्टिकर आहे, 'मी मलई खाऊ शकतेस?' मी ते पाहून दुकानात मोठ्याने हसलो. 'आय कॅन हॅझ चीझबर्गर' आठवतं का, 2007 मध्ये त्या नावाची साइट निघाली होती, जाडी करडी मांजर, तिथे 'कॅन'च्या पुढे 'हॅव्ह'च्या जागी 'हॅझ' येतं, म्हणजे 'मी' आणि 'ती'चा गोंधळ. आणि हे स्टिकर नुसतं भाषांतर न करता तोच सांधा मराठीत शोधून तिथेच तोडतं. कर्ता मी आणि क्रियापद तू. असं काम मी कुठेच पाहिलं नाही.

'बिकॉज'वालं मात्र आपल्याकडे जमत नाही, त्यांनी तसे दोन-तीन मग (कप) करून पाहिले आहेत. इंग्रजीत 'बिकॉज'च्या पुढे पूर्ण वाक्य नाहीतर 'ऑफ' लागतो, तो टाळून नुसतं 'बिकॉज पिझ्झा' म्हणायची जी पद्धत निघाली ती इतकी पसरली की अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने 2013 चा वर्ड ऑफ द इयर म्हणून 'बिकॉज'च निवडला. पण मराठीत 'आज सुट्टी, कारण ऊन' म्हटलं तर धक्का बसतच नाही, आपण 'आहे' गाळतोच, 'तो माझा भाऊ', 'आज गर्दी', त्यामुळे तो मग नुसता एक साधा मग वाटतो. घेऊ नका. 'आय कान्ट इव्हन' हे अर्ध्यातच सोडलेलं वाक्य, त्याचं उत्तर मात्र त्यांनी झकास काढलं आहे, 'माह्याच्यानं तं आता', बस, इथे टी-शर्ट संपतो. आपलं क्रियापद शेवटी येत असल्यामुळे वाक्य अर्ध्यात सोडलं की नेमकं तेच राहून जातं, समोरचा वाट पाहत बसतो की होत नाही का होते का काय. इंग्रजीपेक्षा हे जास्त लागू पडतं असं माझं मत.

'जस्ट लुकिंग लाइक अ वाव'चे तर त्यांच्याकडे ढीग आहेत, 2023 मध्ये दिल्लीतल्या सूट विकणाऱ्या त्या ताईंचा व्हिडिओ चालला तेव्हापासून मागणी कमीच होत नाही म्हणतात. 'लाइक अ'च्या पुढे वस्तू पाहिजे आणि आला उद्गार, एवढंच आहे ते, पण काय आहे! नागपुरी आवृत्ती म्हणून मी 'तर्री पोहे, जस्ट लुकिंग लाइक अ बाप्पा' सुचवलं, आपल्याकडे 'बाप्पा, काय ऊन आहे' म्हणतात तो बाप्पा. मुलीने सांगितलं की दादा इथे चालेल पण पुण्यात घालून गेलात तर लोकांना गणपती बाप्पाच वाटेल आणि उगाच कोणाच्या भावना दुखावतील. समोर आलेलं गिऱ्हाईक थांबवून असा सल्ला देणं मला फार आवडलं. नाही छापला.

टेक्निकल भाग. मराठी छपाईत अजून एक मोठा धोका आहे, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला युनिकोड मजकूर जुन्या कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला की ऱ्हस्व वेलांटी उडी मारून भलतीकडे जाते, जोडाक्षर फुटतं, रफार बाजूच्या अक्षरावर जाऊन बसतो. साध्या मजकुरात ते लगेच दिसतं पण आपलं वाक्यच आधी मोडलेलं असलं की पाहणाऱ्याला कळणार कसं की कोणती मोडतोड आपली आणि कोणती सॉफ्टवेअरची? 'अत्यंत'मधला त्य फुटून छापला गेला असता तर लोक म्हणाले असते की यांना मराठी येत नाही, आणि सगळा जोक तिथेच मेला असता. हे लोक युनिकोडमध्येच काम करतात, फॉन्ट चांगले ठेवतात. कॉमिक सॅन्समध्ये देवनागरी नाहीच, म्हणून त्यांनी माझ्यासाठी मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांचा 'बालू' फॉन्ट वापरला, गुबगुबीत आहे, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, डोजला एकदम शोभतो.

कपडा कॉटन, 180 जीएसएमचा (चौरस मीटरला 180 ग्रॅम), उन्हाळ्यात ठीक. छपाई एक-दोन पीस असतील तर डीटीएफ, म्हणजे आधी फिल्मवर छापून त्यावर गोंदाची पावडर आणि मग हीट प्रेसने कपड्यावर. जास्त पीस असतील तर स्क्रीन प्रिंटिंग, त्यात प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन बनते म्हणून एका पीससाठी परवडत नाही. डीटीएफचा मोठा चौकोनी पॅच नागपूरच्या मे महिन्यात छातीला चिकटतो, हवा जात नाही, हे लक्षात ठेवा. डोजचे शब्द सुटे सुटे, इकडे तिकडे विखुरलेले असतात त्यामुळे त्यात हा त्रास जाणवला नाही, चित्र पण त्यांनी मुद्दाम लहान ठेवलं. धुताना उलटा करून धुवा, छपाईवर इस्त्री फिरवू नका. माझ्या टी-शर्टचे रंग अजून छान आहेत, फक्त 'मे'च्या मात्रेचं एक टोक किंचित उचललं आहे, ते परत प्रेस करून देतो म्हणाले, पैसे नाही.

आता तक्रार, आणि ही मी मनापासून करतो आहे.

दुकानात एक रॅक आहे, त्यावर चिठ्ठी चिकटवलेली, 'तुटकी मराठी'. त्यात 'मी मलई खाऊ शकतेस' पण आहे, 'फारच मे' पण आहे, आणि त्यांच्याच बाजूला 'काय करून रायला बे', 'मले काऊन विचारतं', 'तुले सांगतलं होतं नं' हे टी-शर्ट पण टांगलेले. हे चूक आहे. पहिले दोन कोणीतरी बसून, विचार करून मोडले आहेत. दुसरे तीन कोणी मोडलेच नाहीत, ते धड आहेत, पूर्ण आहेत, माझी आजी तसंच बोलायची आणि अर्धा विदर्भ आजही तसंच बोलतो. 'करून रायला' हे चालू असलेल्या कामालाच लागतं, काल येऊन गेलेल्या माणसाबद्दल कोणी 'येऊन रायला' म्हणणार नाही. 'ले' पण बघा, मले, तुले, रामाले, पोराले, प्रत्येक ठिकाणी एकाच शिस्तीत लागतो. नियम आहेत, आणि ते पाळले जातात. पुण्या-मुंबईकडचे लोक त्याला हसतात तेव्हा मला राग येतोच, पण नागपूरच्या, बर्डीवरच्या, इतक्या समजदार दुकानाने स्वतःच्या बोलीवर 'तुटकी' अशी चिठ्ठी लावावी हे मला जास्त लागलं. बाहेरून शिकायला आलेलं पोरगं तो रॅक पाहून काय समजेल? की वऱ्हाडी म्हणजे मीम. माझं म्हणणं एवढंच की वऱ्हाडी टी-शर्ट खुशाल विका, मी पण घेईन, घेतला पण आहे, पण वेगळ्या रॅकवर ठेवा आणि चिठ्ठीवर 'वऱ्हाडी' लिहा. जी मुलगी हिरवा आणि लाल गोल इतका नीट काढते तिला हे समजत नसेल असं मी मानत नाही. मालक भाऊ म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, गिऱ्हाईकाले पटकन समजते म्हणून लावली होती, बदलून टाकतो." नंतर स्टिकर घ्यायला गेलो तेव्हा चिठ्ठी तशीच होती. म्हणून पाचपैकी चार स्टार, पाचवा चिठ्ठी बदलल्यावर.

त्यांचा मारबतीचा रॅक मात्र पहाच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठे पुतळे, मिरवणुकीने निघते, 1880 च्या दशकापासूनची नागपूरची परंपरा, सोबत बडगे, ते पण पुतळेच, त्यांच्या गळ्यात त्या त्या वर्षीच्या त्रासाच्या पाट्या, आणि लोक ओरडतात 'रोगराई घेऊन जाय गे मारबत', 'महागाई घेऊन जाय गे मारबत'. पहिली जागा मोकळी, शेपूट पक्कं, जो त्रास असेल तो टाका. मीम लोकांनी ही युक्ती काढायच्या कितीतरी आधी इथे रस्त्यावर ती चालू होती. यांच्याकडे 'ईएमआय घेऊन जाय गे मारबत' आहे, 'नोटीस पिरियड घेऊन जाय गे मारबत' आहे, आणि जागा कोरी ठेवलेला पण एक आहे, तिथे तुमचा त्रास सांगा, छापून देतात. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात गेलात तर गर्दी असते आणि दोन दिवसांच्या जागी चार-पाच दिवस लागतात, आधीच ऑर्डर देऊन ठेवा.

रेट असे आहेत, टी-शर्टचा एक पीस 350, दहाच्या वर घेतले तर 260, छापलेला मग (कप) 200, स्टिकरची ए-फोर शीट 80. मराठी मजकुराचे जास्तीचे पैसे लावत नाहीत, काही ठिकाणी लावतात म्हणून सांगून राहिलो. दुपारी दोन ते चार बंद असतं, उन्हाळ्यात पाचच्या आधी जाऊच नका. गाडी लावायला गल्लीत जागा नाही, मेट्रोने सीताबर्डी स्टेशनला उतरून पायी गेलेलं बरं. वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर टेक्स्ट म्हणून पाठवा, कागदावर लिहून नेलंत तर परत टाइप करावं लागतं, आणि जी मोडतोड तुम्हाला पाहिजे ती खाली वेगळी लिहून द्या.